पवईला 'बीच' हवा की नुसता काठ? (शिकागोच्या किनाऱ्याच्या निमित्ताने)

चांदिवलीची | शनिवार, सकाळी ९:१०

पवई तलावाकाठी वाळू टाकून 'बीच पार्क' करा, अशी मागणी करणारा एक मेसेज सध्या आमच्या भागातल्या ग्रुपांवर फिरतोय. सोबत जोडलेला फोटो शिकागोतल्या माँट्रोज बीचचा आहे. माझी मुलगी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राहते, त्यामुळे ती जागा मी सकाळ-संध्याकाळ पाहिली आहे. फोटो बघून सगळे हरखलेत. पण फोटोत जे दिसत नाही ते लिहावंसं वाटलं.

शिकागोला समुद्र नाही, लेक मिशिगन आहे. क्षेत्रफळ सुमारे ५७,८०० चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी २८१ मीटर. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाऱ्याच्या दिवशी तर चांगल्या दणकून येतात. पाणी मात्र गोडं. पोहून बाहेर आलं की अंग चिकचिकत नाही, याचंच मला पहिले काही दिवस अप्रूप होतं. शहराला असा जवळजवळ २६ मैलांचा काठ आहे आणि त्यातला बहुतेक सगळा सार्वजनिक. वीसहून जास्त चौपाट्या, कुठेही प्रवेशशुल्क नाही. काठाने १८ मैलांची चालायची-सायकलची वाट आहे.

माँट्रोजला रविवारी दुपारी गेलात तर गवतावर कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या असतात. मेक्सिकन कुटुंबं आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना घेऊन आलेली. गाडीवर भाजलेल्या किंवा उकडलेल्या मक्याला मेयोनीज, चीज आणि तिखट फासून देतात. आपल्या लिंबू-मीठ लावलेल्या कणसाची सवय असलेल्याला ते जरा जड जातं. कुत्र्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा तुकडा आहे. आणि या सगळ्या गजबजाटाला लागूनच दोरी बांधून राखलेला वाळूचा पट्टा. तिथे एक बाई दुर्बीण लावून उभ्या होत्या. त्यांनी मला बोलावून आत बघायला लावलं. वाळूच्याच रंगाचा, मुठीएवढा पक्षी, गळ्याशी काळी रेघ. पायपिंग प्लोव्हर, म्हणजे आपल्याकडच्या चिखल्याचा भाऊबंद. ग्रेट लेक्सच्या, म्हणजे लेक मिशिगनसह तिथल्या पाच मोठ्या तळ्यांच्या, काठावरून हे पक्षी जवळजवळ संपले होते. २०१९ मध्ये एका जोडीने माँट्रोजच्या भर गर्दीच्या वाळूत घरटं केलं आणि दोन पिल्लं उडाली. शिकागोत कित्येक दशकांनी घडलेली गोष्ट होती ती. त्याच उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर मोठा संगीतमहोत्सव ठरला होता, तो रद्द झाला. पुढे पक्ष्यांसाठी राखलेली जागा वाढवण्यात आली.

हा काठ आपोआप मोकळा राहिलेला नाही. १८३६ च्या नकाशावर तिथल्या एका पट्ट्यावर लिहून ठेवलं होतं की ही जागा सार्वजनिक, कायम मोकळी, इमारतींशिवाय राहील. पुढे शहरालाच तिथे इमारती उभारायच्या होत्या. माँटगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी, टपालाने माल विकण्याच्या धंद्यात मोठा झालेला, १८९० मध्ये कोर्टात गेला आणि वीसेक वर्षं लढत राहिला. मोठं वस्तुसंग्रहालय तिथे बांधायचं घाटत होतं, त्यालाही त्याने विरोध केला. वर्तमानपत्रांनी त्याला विकासाचा शत्रू ठरवलं. तो जिंकला, म्हणून ग्रँट पार्क आज मोकळं आहे. संग्रहालय अखेर दुसऱ्या जागी झालं.

तर माझा प्रश्न असा: पवईसाठी यातलं नक्की काय घ्यायचं? वाळू की ती चिकाटी?

गोरेगावकर | शनिवार, सकाळी ९:४८

छान लिहिलंय ताई. पण मी त्या मेसेजच्या बाजूचा आहे, स्पष्टच सांगतो. मुंबईत मुलांना घेऊन पाण्याकाठी बसायला जागा आहेत कुठे? जुहूला रविवारी पाय ठेवायला जागा नसते. पवईचा निम्मा काठ भिंती आणि फाटकांमागे गेलाय, उरलेल्या काठावरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची वाहनं धूर सोडत जातात. तिथे नीट पायऱ्या, वाळू, झाडं, बाकं केली तर बिघडलं कुठे? आणि शिकागोवाल्यांनीही भराव घालूनच काठ केलाय ना? मग त्यांनी केलं की कौतुक आणि आपण केलं की पर्यावरण, हे मला पटत नाही.

चांदिवलीची | शनिवार, सकाळी १०:०५

भरावाचं तुमचं म्हणणं खरं आहे. १८७१ च्या मोठ्या आगीत शिकागो जळलं तेव्हाचा राडारोडा तळ्यातच ढकलला, आज त्यावर ग्रँट पार्क आहे. माँट्रोजचं टोकही भरावाचंच. पण आकडा बघा. पवई तलाव काठोकाठ भरला तरी पाण्याखालचं क्षेत्र २.२३ चौरस किलोमीटर. लेक मिशिगनमध्ये अशा पंचवीस हजारांहून जास्त पवया मावतील. त्यांनी शंभर एकर भरले तर तळ्याला पत्ता लागत नाही. आपण दहा मीटरची पट्टी भरली तरी तेवढं तळं गेलं.

पानकावळा | शनिवार, सकाळी ११:३०

पवईला पक्षी बघायला जाणाऱ्यांपैकी मी एक. गोरेगावकर, तुमची तळमळ कळते, पण काठ म्हणजे नुसती पाणी आणि जमीन यांच्यामधली रेघ नव्हे. तिथला उथळ, चिखलाचा, गवताचा पट्टा हेच तलावाचं स्वयंपाकघर. वंचक तिथे टपून बसतो, जांभळ्या पाणकोंबड्या देवनळात शिरतात, कमळपक्षी लांब बोटं पसरून तरंगत्या पानांवरून चालतो. त्या पट्ट्यावर दगड-माती टाकली की पाणी तेवढंच दिसतं, पण आतली वस्ती जाते.

आणि मगरी. पवईत आपली गोड्या पाण्यातली मगर आहे, दरवर्षी कुणी ना कुणी तिचे फोटो काढतं. ही मगर उन्हाळ्यात पाण्याच्या पातळीच्या वर, काठच्या मोकळ्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येतात. ऊन खायलाही तिला उताराचा मोकळा काठ लागतो. तिथे वाळू टाकून माणसं बसवलीत तर एक तर मगर जाईल नाही तर माणसाला धोका होईल. पोहायचा तर विषयच सोडा.

पण खरा रोग वेगळाच आहे. एखाद्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. मी उभा राहतो त्या ठिकाणी पाणी राखाडी आहे, वर साबणाचा फेस, आणि तिथपासून आत जलपर्णीचा हिरवागार गालिचा. लोकांना तो गालिचा सुंदर वाटतो. ती वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जगते. पोषक पाणी आणि ऊन मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. वरून झाकण बसल्यावर खाली उजेड जात नाही, मेलेली पानं तळाशी कुजतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, गाळ वाढतो, तळं उथळ होतं. मग यंत्रं लावून जलपर्णी काढतात, काही महिन्यांत ती परत येते, कारण नाला चालूच असतो. जलपर्णी काढणं म्हणजे ताप मोजून तापमापक फोडण्यासारखं आहे. नाला थांबवायला हवा.

इरावती | शनिवार, दुपारी १:१५

पानकावळा, माहितीपूर्ण प्रतिसाद. यात थोडी भर: पवई तलाव मुळात पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, मग १८९० च्या सुमारास पवई, त्या काळचे साधारण १२.५९ लाख रुपये खर्चून. पाणी पिण्याजोगं नाही म्हणून तो वापर बंद झाला. आता तलाव भरून वाहू लागला की दर पावसाळ्यात बातमी येते, ५४५ कोटी लीटर क्षमता वगैरे, आणि खाली एक ओळ असते की हे पाणी उद्योगांना आणि आरे वसाहतीत पिण्याखेरीज इतर कामांना वापरतात.

शिकागोत नेमकं उलट झालं. त्यांची नदी शहराची घाण घेऊन तळ्यात जात होती आणि त्याच तळ्याचं पाणी शहर पीत होतं. आधी त्यांनी तळ्याखालून दोन मैलांचा बोगदा खणून लांबचं पाणी आणलं, १८६७ मध्ये. तेही पुरेना, तेव्हा १९०० मध्ये कालवा खणून अख्ख्या नदीचा प्रवाह उलटा फिरवला, म्हणजे घाण तळ्याकडे न जाता दुसरीकडे जावी. (ती 'दुसरीकडे' ज्यांच्या दारात गेली त्यांनी खटले भरले, तोही इतिहास आहेच.) आज ताईंच्या लेकीचं शहर त्याच तळ्याचं पाणी पितं आणि त्यात पोहतं. तरीही अतिवृष्टीत कधीकधी नदीचे दरवाजे तळ्याकडे उघडावे लागतात आणि मग पोहायला बंदी येते.

आधी मैला वळवला, मग चौपाट्या रंगात आल्या. त्या मेसेजमध्ये क्रम उलटा आहे.

दादर_पश्चिम | शनिवार, दुपारी १:४०

+१. फोटो असतील तर टाका ना ताई. आणि तिथे जीवरक्षक असतात का? आमच्या दादर चौपाटीवर दर पावसाळ्यात पोरं आत जातात, कुणाचं ऐकत नाहीत.

चांदिवलीची | शनिवार, दुपारी ३:२०

फोटो संध्याकाळी टाकते. जीवरक्षक असतात, मे अखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, सकाळी ११ ते संध्याकाळी ७. हिरवा, पिवळा, लाल असे झेंडे. लाल लागला की पाण्यात उतरायचं नाही, आणि बहुतेक लोक खरंच उतरत नाहीत. आपल्याकडेही गिरगाव, दादर, जुहू, वेसावे, आक्सा, गोराई इथे अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली जीवरक्षक असतात, त्यांचं काम फार कठीण आहे. लाटेशी झुंजण्याआधी त्यांना लोकांशी झुंजावं लागतं.

तळं म्हणजे संथ, निरुपद्रवी, असं समजू नये. २६ जून १९५४ ला सकाळी माँट्रोजच्या धक्क्यावर लोक मासे धरत बसले होते. त्याआधी एक वादळ तळ्यावरून पलीकडे सरकून गेलं होतं. त्याने ढकललेलं पाणी समोरच्या काठावर आपटलं आणि उलटून परत आलं. इकडे आकाश निवळलं होतं, वारा नव्हता, आणि अचानक पाणी दहाएक फूट चढलं. आठ जण गेले.

काळा कोट | शनिवार, रात्री ८:५५

धागा वाचून राहवलं नाही. वॉर्डची गोष्ट ताईंनी सांगितली, पण शिकागोच्या काठाचा याहून मोठा खटला वेगळा आहे आणि तो थेट आपल्या घरापर्यंत येतो.

१८६९ मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागोसमोरची तळ्याच्या तळाची हजार एकरांहून जास्त जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली. १८७३ मध्ये कायदा मागे घेतला. कंपनी म्हणाली, एकदा दिलं ते दिलं. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८९२ मध्ये निकाल लागला: अशा जलाशयाचा तळ सरकारच्या मालकीचा असला तरी तो लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायचा असतो, खासगी कंपनीला असा आंदण देऊन टाकता येत नाही.

आता आपल्याकडे या. मनालीजवळ बियास नदीच्या काठी एका मोटेलसाठी नदीचा प्रवाह वळवला गेला होता. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, १९९६ च्या डिसेंबरात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला. त्या निकालात शिकागोच्या या खटल्याची सविस्तर चर्चा आहे. सार्वजनिक विश्वस्ततेचं हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहे, असं न्यायालयाने तिथे म्हटलं. म्हणजे त्या तळ्यापायी लागलेला निकाल आज भारतातली कुठलीही नदी, तळं, खाडी वाचवायला उपयोगी पडतो.

आणि पवईचं स्वतःचं प्रकरण विसरू नका. पालिकेने काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायला घेतला होता, त्यासाठी तलावात दगड-माती टाकली होती. आयआयटीतले विद्यार्थी आणि वनशक्ती ही संस्था उच्च न्यायालयात गेली. ६ मे २०२२ ला न्यायालयाने तो भराव बेकायदा ठरवला, बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. तेव्हाही मुंबईकरांना सायकल चालवायला जागा नको का, असं विचारणारे होतेच. त्यामुळे वाळूचा बीच हा आधी कोर्टात हरलेल्या गोष्टीचा नवा फोटो आहे, एवढं त्या ग्रुपवर कुणीतरी लिहा.

गोरेगावकर | शनिवार, रात्री ९:३०

काळा कोट, २०२२ चा निकाल माहीत होता, शिकागोचा संबंध माहीत नव्हता. धन्यवाद. भरावाचा आग्रह मी सोडतो. पण माझा मूळ प्रश्न राहतोच. तळं वाचवायचं म्हणून लोकांना लांब ठेवायचं, आणि काठावरच्या टॉवरवाल्यांनी मात्र खिडकीतून 'लेक व्ह्यू' बघायचा, हा न्याय कसा? जवळच्या फुलेनगर वस्तीतल्या मुलाने तलाव कुठून बघायचा?

इरावती | रविवार, सकाळी ७:५०

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. काठ 'सार्वजनिक' आहे असं लिहून ठेवल्याने तो सगळ्यांचा होत नाही.

शिकागोतच, याच तळ्याच्या काठावर, २७ जुलै १९१९ ला यूजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर लाकडी तराफ्यावर पोहत होता. २९व्या रस्त्याजवळ गोऱ्यांची आणि काळ्यांची बाजू वेगळी मानली जायची. कायद्यात तशी रेघ नव्हती, लोकांच्या मनात होती. तराफा वाहत पलीकडे गेला. एका गोऱ्या माणसाने दगड मारले, मुलगा बुडाला. पोलिसाने त्या माणसाला अटक केली नाही. दंगल उसळली, ३८ माणसं मेली.

हे वाचताना मराठी माणसाला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला होता, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तसा ठराव केला. कागदावर चवदार तळं खुलंच होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळ भरावी लागली, आणि त्यानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं. कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं.

म्हणून गोरेगावकरांचं म्हणणं मी उचलून धरते. तळं राखायचं आणि लोकांनाही येऊ द्यायचं, दोन्ही हवं. फाटकांमागे गेलेला काठ हा भरावाइतकाच चुकीचा आहे.

पानकावळा | रविवार, सकाळी ९:०५

अनुमोदन. आणि दोन्ही जमतं. माँट्रोजचं टोक एके काळी लष्कराकडे होतं. तिथे राहिलेल्या झुडपांच्या एका रांगेत स्थलांतर करणारे पक्षी इतके उतरतात की तिला 'मॅजिक हेज' म्हणतात. तीनशेहून जास्त जातींची नोंद आहे. दोनशे पावलांवर व्हॉलीबॉल चाललेला असतो. फरक एवढाच की कुठे माणसं, कुठे पक्षी हे ठरलेलं आहे आणि दोरीपाशी कुणीतरी उभं राहून लोकांना समजावतं.

पवईत आहे तो पदपथ नीट करा. तुटलेल्या लाद्या, बंद पडलेले दिवे, वाकलेली कुंपणं. रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा द्या, मुलांना घेऊन तो रस्ता ओलांडणं जिवावरचं आहे. दोन-तीन ठिकाणी आडोसा असलेल्या बैठका करा, जिथून पाणी दिसेल पण पाण्यात उतरता येणार नाही. स्वच्छतागृह, विशेषतः बायकांसाठी. पाण्यात एक टोपली माती न टाकता हे सगळं होतं. विसर्जनासाठी कृत्रिम तलाव आहेतच, त्यांचा वापर वाढायला हवा. प्लास्टरच्या मूर्ती पाण्यात विरघळत नाहीत, पाणी उतरलं की हात-सोंडा चिखलात उघड्या पडतात. मला ते बघवत नाही, भाविकालाही बघवणार नाही.

दादर_पश्चिम | रविवार, सकाळी ९:२०

बायकांच्या स्वच्छतागृहाला शंभर वेळा +१. आमच्या चौपाटीवर वाळू दरवर्षी कमी होते आहे, तिच्यावरही एक धागा हवा. पण ते इथे अवांतर.

चांदिवलीची | रविवार, सकाळी ११:००

त्या मेसेजवर सह्या करण्याऐवजी आपण दुसरं निवेदन करू. काल रात्री कच्चा मसुदा लिहिलाय. तीनच मागण्या ठेवल्या आहेत: तलावात उतरणाऱ्या प्रत्येक नाल्याचं सांडपाणी मलनिःसारण वाहिनीत वळवा आणि ते कधी होणार ते लेखी सांगा; पदपथ, दिवे, रस्ता ओलांडायची सोय आणि स्वच्छतागृह करा; काठावर कुठे कुठे लोकांची वाट अडवली आहे याची पाहणी करून ती जाहीर करा. वाळूचा उल्लेख नाही, भरावाला विरोध एका ओळीत, २०२२ च्या निकालाचा दाखला देऊन.

काळा कोट, भाषा तपासून द्याल का? पानकावळा, नाल्यांची तोंडं तुम्हाला ठाऊक आहेत, ठिकाणांची यादी तुम्ही करा, फोटोंवर तारीख असू द्या. फुलेनगरात माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई राहतात. त्यांच्याशी मी बोलले, त्यांच्या बचत गटातल्या बायका सह्या करायला तयार आहेत. त्यांनी आणखी एक मागणी सांगितली, ती आपल्यापैकी कुणालाच सुचली नव्हती: संध्याकाळी काठावर बसणाऱ्या कणीस-शेंगदाणेवाल्यांना हुसकावू नका, त्यात आमच्या घरची माणसं आहेत. ती चौथी म्हणून घातली आहे.

गोरेगावकर | रविवार, सकाळी ११:१५

चौथी मागणी वाचून बरं वाटलं. माझी सही धरा. आमच्या कट्ट्यावरच्या लोकांच्याही आणतो. मसुदा तयार झाला की इथेच डकवा, विभाग कार्यालयात द्यायला मी येतो. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

काळा कोट | रविवार, दुपारी १२:०२

आज रात्रीपर्यंत तपासून देतो. प्रत दोन ठिकाणी द्या, विभाग कार्यालयात आणि जल अभियंता खात्याकडे. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकू, त्याचा नमुना माझ्याकडे आहे.